मुरमाचा उतार

मागच्या वर्षी एक तरुण इंजिनीअर माझ्या दारात आला. गावच्या शाळेला नव्या नियमांप्रमाणे रॅम्प बांधायचा होता, आणि गावातल्या न चालणाऱ्या माणसांत वयानं सगळ्यात मोठी मीच, म्हणून माझं मत घ्यायला त्याला कुणीतरी पाठवलं होतं. पोरगा नम्र होता. चप्पल बाहेर काढून उंबऱ्याशी बसला, पाणी प्यायला आणि मोबाइलवर एक चित्र दाखवत म्हणाला, "मावशी, नियम आता बदललेत. एक फूट उंची असली तर बारा फूट लांब उतार द्यायचा. बाजूला कठडा. तुम्हाला आणखी काही सुचवायचंय का?"

मला राग आला. त्या पोराचा यात काय दोष? त्याचा बापसुद्धा तेव्हा रांगत असेल. पण माझ्या आयुष्याची शाळा केव्हाच सुटली, दप्तरं घरी गेली, आणि आता हे विचारायला आले होते की बाई, तुम्हाला आत यायचं होतं का! मी त्याला चहा दिला. चहा संपल्यावर "परवा ये," म्हटलं. तो बरं म्हणून गेला. मधल्या दिवसांत मला जे आठवत राहिलं ते इथं लिहिते आहे.

मी चालत नाही. तिसऱ्या वर्षी ताप आला, आणि जाताना दोन्ही पाय घेऊन गेला. मी बसून सरकते. हातांत लाकडी ठोकळे, बुडाखाली चामड्याची गादी, पाय पुढं दुमडलेले. हात टेकायचे, अंग उचलायचं, पुढं टाकायचं. हे एवढं एकदाच सांगते, कारण लोकांना ते ऐकून 'अरेरे' म्हणायची फार हौस असते आणि त्या 'अरेरे'चा मला वीट आलाय.

आम्ही मन्यार. अब्बा बांगड्यांची पेटी घेऊन बाजार करायचे. अणदूरच्या खंडोबाची जत्रा, भूमचा आठवडी बाजार, जिथं एसटी जाईल तिथं. अम्मा घरी बसून बायकांना बांगड्या भरायची. तिच्या शेजारी बसून मीही शिकले. हात कसा दाबायचा, अंगठ्याचं हाड कसं आत घ्यायचं, बांगडी न फुटता आणि बाई न ओरडता कशी चढवायची. गावातल्या निम्म्या बायकांची मनगटं मला त्यांच्या तोंडांपेक्षा जास्त ओळखीची होती. पण मला बांगड्या भरत जन्म काढायचा नव्हता. मला मास्तरीण व्हायचं होतं. त्या काळी सातवी पास झालेल्या मुलीला मास्तरीण होता यायचं, आणि आमच्या गावात तोवर एकही मास्तरीण झाली नव्हती. पहिली आपण, हे मी तिसरीतच ठरवून टाकलं होतं.

आमची शाळा तबेल्यात भरायची. निजामाच्या वेळी तिथं पोलिसांची घोडी बांधत. भिंतीत लोखंडी कड्या होत्या, त्यांना आम्ही दप्तरं अडकवायचो. पावसाळ्यात भिंतीला जुना वास सुटायचा. पण जमीन बाहेरच्या अंगणाला लागून सपाट होती, दार चांगलं रुंद होतं, आणि दारात घोड्याचा पाय घसरू नये म्हणून दगडांचा पसरट उतार केलेला होता. त्या उतारावरून मी सहावीपर्यंत रोज आत गेले, रोज बाहेर आले. कुणाला हाक मारावी लागली नाही. त्या वेळी मला त्यात काही विशेष वाटलंही नाही. आपण शाळेत जातो तसं सगळे जातात, एवढंच. पुढं कळलं की ती सोय घोड्यांची होती, मी फक्त त्यांच्या पुण्याईवर शिकत होते.

मराठवाडा आधी मुंबई राज्यात गेला, मग महाराष्ट्र झाला. त्याच्या पुढच्या एकदोन वर्षांत आमच्या गावाला पक्की शाळा मंजूर झाली. गावात आनंदीआनंद झाला. मलाही झाला. नव्या शाळेला खिडक्या असणार, शहाबादी फरशी असणार, आणि सातवीला वेगळी खोली असणार. जागा तबेल्याच्या पलीकडं, लिंबाच्या झाडाजवळ. पाया खणून झाला आणि जोतं वर येऊ लागलं. येऊ लागलं ते येतच राहिलं. माणसाच्या कमरेपर्यंत आलं तेव्हा गवंडी थांबले.

आमच्या हेडगुरुजींनी ओव्हरसियरला विचारलं होतं, मी तिथंच होते. "साहेब, जोतं लई उंच न्हाय का वाटत?"

ओव्हरसियरनं निळा कागद उलगडून दाखवला. "नकाशात आहे तेवढंच घेतलंय. छापील नकाशा आहे हा. पाणी चढू नये म्हणून जोतं उंच ठेवायचं."

पाणी! आमच्या गावात पाणी चढायला आधी यावं तर लागतं. उन्हाळ्यात बायका कोरड्या नदीत झिरे उकरून वाटीवाटीनं घागर भरत. हा नकाशा कुठल्यातरी धो-धो पावसाच्या मुलखात कुणीतरी काढला असणार, आणि राज्य एक झालं म्हणून तोच आमच्या कोरड्या माळावर येऊन बसला. पण ओव्हरसियरला तरी एकट्याला कशाला बोल लावू? गावाला ते जोतं मनापासून आवडलं होतं. आमच्याकडं घराचा मान जोत्यावर मोजतात. गरिबाचं जोतं वीतभर, मोठ्याचं छातीएवढं. शाळा कमिटीचे अध्यक्ष, गावातले वजनदार शेतकरी, त्या जोत्यावर हात थोपटून म्हणाले, "ह्याला म्हंत्यात शाळा! गावात शिरलं की पहिली दिसली पायजे." आणि त्यांनी ओव्हरसियरच्या मागं लागून दगडाचा आणखी एक थर वाढवून घेतला. न येणाऱ्या पाण्यासाठी नकाशातली उंची होती, वरची आमच्या मोठेपणासाठी.

आता त्या जोत्याच्या पोटात मुरूम भरायचा होता. त्यासाठी वडार मंडळी आली, त्यांची गाढवं आली. गाढवांच्या पाठीवर मुरमाच्या गोण्या. भरलेलं गाढव पायऱ्या चढत नाही, म्हणून वडारांनी पहिल्याच दिवशी जोत्याला लागून मुरमाचा एक लांब उतार केला. खाली रुंद, वर दारापाशी जोत्याला अगदी भिडलेला. रोज पाणी मारून, धुम्मस करून तो असा घट्ट केला की खालून वर फरशीसारखा लागे. गाढवांची रांग त्यावरून खाली मान घालून वर जायची, गोण्या रिकाम्या करून परत यायची.

दुपारी वडार जेवायला बसले की गाढवं लिंबाखाली उभी राहायची. अशाच एका दुपारी मी तबेल्यातून निघाले आणि त्या उताराच्या पायथ्याशी येऊन थांबले. हात टेकले. अंग उचललं. उतार अंगाला लागत होता, पण मागं ओढत नव्हता. मध्ये एकदा दम खाल्ला आणि सरळ वर गेले, तोंड पुढं करून, जिथं जायचं तिकडं बघत.

नव्या शाळेत पाऊल टाकणारी गावातली पहिली विद्यार्थिनी मी आहे. पाऊल म्हणा नाहीतर काय म्हणायचं ते म्हणा. भिंती खांद्याएवढ्या झाल्या होत्या, छप्पर नव्हतं. सातवीची खोली कुठली ते मी गवंड्याला विचारून घेतलं आणि उत्तरेच्या खिडकीजवळ माझी जागा धरली. तिथून फळा नीट दिसला असता. मग पुढं कितीतरी दुपारी मी वर जाऊन त्या जागेवर बसत असे. वडारांच्या बायका हसून म्हणायच्या, "आली बग, शाळा भरली." एकीनं तर उतारावरचे खडे माझ्यासाठी बाजूला लोटले होते. काम उरकल्यावर ती मंडळी दुसऱ्या गावाला गेली, उतार मात्र राहिला.

मी गुरुजींना म्हटलं, "गुरुजी, हा उतार राहू द्या ना."

आमचे हेडगुरुजी वाईट माणूस नव्हते. खादी घालायचे, मुलींना शाळेत धाडा म्हणून घरोघर फिरायचे, माझ्याही घरी तेच आले होते. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि हसले. "अगं वेडे, हा बांधकामाचा उतार. शाळेला पायऱ्या असतात."

"पण गुरुजी, मी?"

"तुझी काळजी आम्हाला न्हाय व्हय? उचलून नेऊ की तुला!"

अध्यक्ष शेजारी उभे होते. त्यांना माझ्या बोलण्याची गंमत वाटली. "उतार गोठ्याला असतोय, पोरी. सरस्वतीच्या दारात उतार ठिवला तर लोकं काय म्हंतील? आन् गुरं चढली वर तर?"

इतकी वर्षं सरस्वती तबेल्यात बसली होती, तेव्हा तिला कमीपणा आला नव्हता. घरी येऊन अब्बांना सांगितलं, तुम्ही कमिटीकडं जा, तुमचं ऐकतील. अब्बांनी पेटीतल्या बांगड्या पुसता पुसता मान हलवली. "जाने दे, बेटा." निजामाचं राज्य गेलं त्या पोलीस ॲक्शनच्या दिवसांत आमच्या नात्यात जे झालं ते घरी कुणी बोलत नसे, पण तेव्हापासून अब्बांचा गावातला आवाज खाली आला होता तो वर आलाच नाही. गावाचं सगळं चांगलं चाललंय, त्यात आपण मन्यारानं खोड काढायची आणि शाळेला गोठ्यासारखं करा म्हणायचं, हे त्यांच्या जिवावर आलं. त्यांची भीती मला कळत होती. तरी राग यायचा तो आलाच.

उद्घाटनाला मोठे पाहुणे येणार ठरलं आणि त्याआधी गावात श्रमदान निघालं. तेव्हा श्रमदानाचे दिवस होते. रस्ता श्रमदानानं, विहीर श्रमदानानं, गाणी म्हणत, घोषणा देत. शाळेपुढचं अंगण साफ करायचं, राडारोडा उचलायचा, पताका लावायच्या. राडारोडा म्हणजे काय काय, तर विटांचे तुकडे, चुन्याची ढेकळं, आणि तो उतार.

सकाळी सगळी शाळा टिकाव-फावडी घेऊन जमली. माझ्या वर्गातल्या मुलींनी कमरेला ओढण्या, पदर खोचले होते. मलाही काम हवं होतं. गुरुजींनी फार प्रेमानं मला लिंबाच्या सावलीत बसवलं, पुढ्यात गूळ-शेंगदाण्यांची परात ठेवली आणि म्हणाले, "तू सगळ्यांना खाऊ वाटायचा. तुझंबी श्रमदान."

मी वाटला. माझ्या डोळ्यांपुढं पहिला टिकाव उतारावर पडला. धुम्मस करून घट्ट केलेला मुरूम लवकर सुटेना. पोरं जोर लावून गाणं म्हणत होती, गुरुजी टाळ्या वाजवून ताल देत होते. वरच्या टोकापासून उतार खाली खाली येत गेला. दार मोकळं झालं. जोत्याचा दगड उघडा पडला. घामेजलेली, हसरी, मुरमानं लाल झालेली माझी मैत्रीण माझ्यापुढं ओंजळ करून उभी राहिली आणि मी तिच्या हातावर गूळ ठेवला. माझा रस्ता खणणाऱ्या प्रत्येकाला मी माझ्या हातानं गोड खाऊ घातला. आजही शेंगदाणे-गुळाचा वास आला की माझ्या तोंडाला कडू पाणी सुटतं. त्या दिवशी कुणी माझ्यावर दात धरून काही केलं असतं तर मला बरं वाटलं असतं. कुणाच्या मनातही नव्हतं. मी समोर बसले होते आणि कुणाच्या मनात नव्हतं!

उद्घाटन झालं. घडीव काळ्या दगडाच्या पायऱ्या, एकेक चांगली उंच. पाहुण्यांनी भाषणात सांगितलं की ज्ञानाचं हे मंदिर सर्वांना खुलं आहे. मी खाली पुढच्या रांगेत बसले होते, टाळ्या वाजवल्या.

सातवीचे पहिले काही महिने शिपाई मला पाठीवर घेऊन वर न्यायचा. माणूस सरळ होता, पण तो रजेवर गेला की मी घरी, तो पाहुण्यांच्या चहाला गेला की मी पायथ्याशी. तहान लागली तरी मी पाणी पीत नसे, कारण मग खाली जावं लागेल आणि त्यासाठी वर्गात हात वर करून एका माणसाला बोलवावं लागेल. उचलून नेऊ म्हणणाऱ्यांना हे कुठं माहीत असतं? उचलणारा मोठा दिसतो, उचललेलं माणूस ओझं होतं. गाढवावरच्या गोणीसारखं.

मग मी शहाणी झाले, न्हाण आलं. अम्मानं त्याच दिवशी सांगितलं, आता कुणा बाप्याच्या पाठीवर बसायचं नाही. तिच्याशी वाद घालून उपयोग नव्हता. गावातल्या कुठल्याही आईनं तेच सांगितलं असतं. पण अम्मा शाळा सोड म्हणाली नाही. दुसऱ्या दिवशी ती स्वतः माझ्याबरोबर आली, मला काखेत धरून पायऱ्या चढू लागली. अम्मा चणीनं बारकी, मी दंडांनी पैलवान. निम्म्यावर तिचा तोल गेला आणि आम्ही दोघी खाली आलो. मला खरचटलं. तिचं उजवं मनगट सुजून भोपळा झालं. त्याच मनगटावर आमच्या घराची चूल होती. ते बरं होईपर्यंत बांगड्या मी एकटीनं भरल्या, शाळा सुटल्यावर.

पायऱ्या मला एकटीला चढता आल्या नसत्या असं नाही. पाठ पायऱ्यांकडं करायची, मागच्या पायरीवर हात टेकायचे, अंग वर ओढायचं. घरी ओट्यावर मी अशीच चढत असे. पण त्यात पाय खाली लोंबतात आणि परकर वर सरकतो. मी तसं करून बघते म्हटल्यावर गुरुजी कानापर्यंत लाल झाले. "नको नको, बरं दिसत न्हाय ते. मोठी मुलगी तू." मग त्यांनीच तोड काढली. वर्गाच्या खिडकीखाली मी बसायचं, गुरुजी खिडकीजवळ उभे राहून मोठ्यानं शिकवणार.

तर मी उत्तरेच्या खिडकीखाली बसले. आतून जिथं जागा धरली होती, बरोबर त्याच्या बाहेर. जोतं एवढं उंच की खिडकी माझ्या डोक्यावर कुठंतरी आभाळात. ऐकू यायचं. कविता ऐकू यायच्या, इतिहास ऐकू यायचा. भूमिती कशी ऐकायची? "हा कोन बघा," गुरुजी आत म्हणायचे आणि मी जोत्याचे दगड बघायचे. मैत्रिणी सुट्टीत वह्या खाली टाकायच्या, मी त्यातून आकृत्या उतरवून घ्यायचे. थंडीत उत्तरेचं वारं झोंबायचं. गावातले लोक येता-जाता थांबून माझं कौतुक करायचे. "काय जिद्द हाय पोरीची!" अंगाचा तिळपापड व्हायचा. जिद्द कशाला लागते हो शाळेत बसायला? तुमच्या पोराला लागली का?

सातवीच्या सरकारी परीक्षेचं केंद्र त्या वर्षी आमच्याच शाळेत आलं, इमारत नवी म्हणून. आसपासच्या गावांतली मुलं आली, त्यांचे आईबाप बैलगाड्या घेऊन आले. बाहेरून पर्यवेक्षक आले. गुरुजींनी त्यांना सांगितलं, आमची एक विद्यार्थिनी खिडकीखाली बसून पेपर देईल. पर्यवेक्षक म्हणाले, "असं कसं चालेल? परीक्षार्थी माझ्या डोळ्यांपुढं, खोलीतच पाहिजे."

मी खालून म्हटलं, "साहेब, तबेला रिकामा आहे. सगळ्यांना तिथं बसवा. आत सगळे मावतात, मी सहा वर्षं तिथंच बसले."

त्यांना वाटलं मी थट्टा करते आहे. "एका मुलीसाठी सगळं केंद्र तबेल्यात न्यायचं?"

गुरुजी माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "आजच्या दिवस शिपायाला उचलू दे. आईला मी सांगतो." अम्मा पलीकडं भिंतीशी उभी होती. ती पुढं येऊन माझ्याजवळ उभी राहिली. अब्बा त्या दिवशी बाजाराला गेले नव्हते. ते पुढं आले आणि इतकंच म्हणाले, "घर चलते क्या, बेटा?"

घरी जायचं म्हणजे पेटीशी जायचं. जन्मभर दुसऱ्यांच्या पोरींना लग्नाचा चुडा भरत दारात बसायचं. वर घंटा झाली. मी ठोकळे अम्माकडं दिले, पेन दातांत धरलं, पायऱ्यांकडं पाठ केली आणि पहिल्या पायरीवर हात टेकले.

उतारावरून वर जाताना तोंड पुढं असतं. पायऱ्यांवर तसं होत नाही, माणूस उलटं जातं. त्यामुळं मला सगळं अंगण दिसत होतं. गुरुजी, अध्यक्ष, शिपाई, परगावचे आईबाप, बैलगाड्यांवर बसलेल्या बायका, त्यातल्या कितीतरींच्या हातांत मी भरलेल्या बांगड्या. मी पहिली पायरी चढले, दुसऱ्या पायरीला परकर सरकला आणि कुणीतरी दबक्या आवाजात काही म्हणालं. मग काय झालं ते बघा. त्या सगळ्या माणसांनी, एकानं केलं तसं दुसऱ्यानं, माझ्याकडं पाठ केली. कुणी हसलं नाही, कुणी टक लावून बघितलं नाही. तरण्या मुलीचे उघडे पाय बघू नयेत म्हणून भरलं अंगण मर्यादेनं वळून उभं राहिलं. अध्यक्षांनी आपल्या पोराचं तोंड स्वतःच्या हातानं फिरवलं. फक्त अम्मा माझ्याकडं बघत होती, आणि अब्बा.

गावात ही गोष्ट पुढं कित्येक वर्षं अभिमानानं सांगितली गेली. काय गाव आमचं, काय अब्रूदार माणसं, मन्याराच्या लेकीची इज्जत सगळ्यांनी कशी राखली! मला तोंडावर सांगितली गेली आणि मी मान डोलवावी अशी अपेक्षा असायची. मी कधी डोलवली नाही. मला त्या पायऱ्यांवरून नुसत्या पाठी दिसत होत्या. ज्या पाठी मला उचलायला तयार होत्या, ज्या श्रमदानात वाकल्या होत्या, त्याच. त्या पाठींनी दुसऱ्यांदा वाकून चार पाट्या मुरूम तिथं टाकला असता तर मी पुढं तोंड करून, परकर सावरून, सगळ्यांच्या देखत वर गेले असते आणि कुणाला कुठं तोंड फिरवावं लागलं नसतं. माझी इज्जत राखायला निघाले, आणि ती जात कशानं होती? त्यांनीच बांधलेल्या पायऱ्यांनी!

मी वर गेले. हातांची सालटं निघाली होती, पहिल्या पानावर रक्ताचा डाग पडला. पर्यवेक्षकांनी दुसरा कागद दिला, तेवढं मात्र केलं. मी पास झाले, भूमितीसकट.

मास्तरीण झाले नाही. नोकरीसाठी गेले तेव्हा समोरच्या साहेबांनी माझे गुण बघितले, मला बघितलं आणि अगदी समजावणीच्या सुरात विचारलं, "शाळा सगळ्या उंच जोत्याच्या. रोज वर्गात जाणार कशा?" मग मी आमच्या ओट्याखाली, अंगणात, शाळेतून काढलेल्या मुलींना शिकवलं. बांगड्या भरत शिकवलं. गावात मला बाई म्हणतात. सरकारच्या लेखी मी कधीच कुणाची बाई नव्हते.

इंजिनीअर कबूल केल्याप्रमाणे तिसऱ्या दिवशी आला. पुन्हा उंबऱ्याशी बसला, पुन्हा चित्र काढलं. कठड्याची उंची, मधली विश्रांतीची जागा, सगळं त्याच्या नियमात नीट होतं, माझ्या वेळच्या नकाशापेक्षा हजार पटीनं शहाणं. मी त्याला म्हटलं, मागच्या बाजूला बांधू नकोस, पुढच्याच दारात बांध. वर जाऊन शेवटी एक पायरी ठेवू नकोस. त्यावर गाड्या लावू देऊ नकोस, आणि उद्घाटनाच्या मांडवासाठी कुणी तो खणायला आलं तर मला बोलव.

तो हसला आणि लिहून घेऊ लागला. "आणि उतार केवढा पाहिजे, मावशी? नियमात आहे तेवढा पुरेल?"

"तुझं माप तू बघ," मी म्हटलं. "पोरगी वर जाताना गावाला पाठ फिरवावी लागू नये, एवढा पाहिजे."